पाणथळ जागा आणि स्थलांतरित पाणपक्षी: नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात येणारे पर्यटक, काठावरचे शेतकरी, सहल घेऊन येणारे शिक्षक आणि आपल्या गावतळ्यासाठी काहीतरी करू पाहणारे ग्रामपंचायत सदस्य पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची ही उत्तरं. उदाहरणं बहुतेक गोदावरी खोऱ्यातली आहेत, कारण तिथलं पाणी रोजच्या पाहण्यातलं आहे. जिथे दुसरीकडून शिकण्यासारखं आहे तिथे भरतपूर, चिलिका, उजनी आणि ठाणे खाडीही आली आहे.

हिवाळ्यात दिसणारी बदकं येतात तरी कुठून?

सायबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया, तिबेट, लडाख. थापट्या, तलवार बदक, चक्रांग, भुवई बदक, तरंग ही सगळी उत्तरेकडे वीण करतात. ऑक्टोबरच्या सुमारास तिकडची तळी गोठू लागतात. थंडी त्यांना सोसते, अंगावरची पिसं त्यासाठीच असतात. पण पाण्यावर बर्फ धरला की खालचं खाणं हाती लागत नाही, म्हणून निघावं लागतं.

सगळे एकदम येत नाहीत. भुवई बदक सर्वांत आधी, पाऊस पुरता सरला नसतानाच हजर होतं. चक्रवाक ऑक्टोबरात दिसू लागतात. पट्टकादंब नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परतीची गडबड सुरू होते.

आणि दिसेल ते प्रत्येक बदक पाहुणं नसतं. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक, शीळ घालणारी अडई, इवलासा काणूक हे इथलेच. ते पावसाळ्यात इथेच घरटी करतात. पाणथळ राखायची तर ती बारा महिने राखावी लागते, ती यांच्यासाठी.

उड्डाणमार्ग म्हणजे काय? आकाशात ठरलेला रस्ता असतो का?

नकाशावर रेघ मारावी तसा रस्ता नसतो. वीण करण्याच्या जागा, हिवाळा काढण्याच्या जागा आणि मधले थांबे मिळून जो पट्टा होतो त्याला उड्डाणमार्ग म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक पाणपक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. तो उत्तरेच्या आर्क्टिक महासागरापासून खाली हिंदी महासागरापर्यंत पसरला आहे आणि तीस देशांवरून जातो.

पालखीच्या वाटेवर मुक्कामाचं एखादं गाव अचानक नाहीसं झालं तर पुढचा टप्पा दुप्पट होईल आणि थकलेली माणसं वाटेतच बसतील. चारशे ग्रॅमही वजन नसलेल्या चक्रांगाचं तसंच होतं. अंगात साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी. थांब्यावर ती पुन्हा भरली नाही तर पुढची झेप जमत नाही.

हा धोका किती खरा आहे ते अरल समुद्राकडे पाहून कळतं. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी 1960 नंतर कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं आणि आपल्याच उड्डाणमार्गावरचं ते विशाल सरोवर आटत गेलं. पाणी शेतीलाच गेलं होतं, कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. आपलीही बहुतेक धरणं सिंचनाचीच आहेत, म्हणून हे उदाहरण मनावर घ्यायला हवं.

या मार्गासाठी भारताने 2018 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा तयार केला. स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद फेब्रुवारी 2020 मध्ये गांधीनगरला भरली, तेव्हा भारताने या मार्गासाठी पुढाकार घेण्याचं मान्य केलं. 2024 च्या समरकंद परिषदेत मार्गावरच्या देशांच्या एकत्रित उपक्रमाला मान्यता मिळाली.

पट्टकादंब खरोखर हिमालय ओलांडतो का?

हो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, मंगोलिया, चीनमधलं छिंगहाय आणि आपल्याकडे लडाखमधल्या त्सो कार, त्सो मोरीरीच्या परिसरात वीण करतो. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतात दिसले आहेत.

'एव्हरेस्टवरून उडतो' हे मात्र सरसकट खरं धरू नका. पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात दिसलं की तो डोंगराच्या चढउताराला धरून उडतो, दरी आली की खाली येतो, कडा आला की पुन्हा वर चढतो. उंची टिकवून सरळ जाण्यापेक्षा यात कमी दमछाक होते. रात्री आणि पहाटे तो जास्त उडतो, कारण तेव्हाची थंड हवा दाट असते. नोंदलेली सर्वाधिक उंची 7,200 मीटरच्या पुढे आहे, पण बरंचसं उड्डाण त्याहून पुष्कळ खालून होतं. तरीही जिथे माणसाला चार पावलं टाकताना धाप लागते तिथे पंख मारत राहणं ही विलक्षण गोष्ट आहे, आणि तो पक्षी मग आपल्या हरभऱ्याच्या रानात येऊन उतरतो.

धरण काठोकाठ भरलं की पक्ष्यांची चंगळ, बरोबर ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर 'नाही' आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने पाणी किती आहे यापेक्षा ते किती उथळ आहे आणि कोणत्या महिन्यात उथळ आहे, याला मोल आहे.

पाण्यात डोकं खुपसून शेपटी वर करणारी बदकं तुम्ही पाहिली असतील. तलवार बदक, चक्रांग, हळदीकुंकू ही सगळी तशीच खातात. मान जिथवर पोचेल तिथवरच त्यांचं ताट. वीत-दीड वीत पाणी त्यांना हवं. तुतारी, पाणटिवळा अशा चिखलपक्ष्यांना त्याहून कमी, कित्येकांना नुसता ओला चिखल पुरतो. छोटी लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारतात, त्यांना एक-दोन मीटर खोल पाणीही चालतं. म्हणजे एकाच तळ्यात उतरता काठ असेल तर ही सगळी मंडळी आपापल्या पट्ट्यात सुखाने राहतात. काठ उभा आणि पाणी खोल असेल तर हाती उरतात ते पाणकावळे आणि थोडी लालसरी.

थापट्या नीट पाहिला तर हे आणखी उमगतं. त्याची चोच फावड्यासारखी रुंद आणि कडेने कंगव्याच्या दातांसारखी बारीक झालर. चोच पाण्यावर टेकवून तो पुढे सरकत राहतो, पाणी आत घेतो, कडेने बाहेर सोडतो आणि झालरीत अडकलेले सूक्ष्म जीव, बिया गिळतो. कधी पंधरा-वीस थापटे एकामागून एक गोल फिरताना दिसतात. त्यांच्या पायांनी ढवळलेलं पाणी तळाचं खाणं वर आणतं आणि मागचा पुढच्याच्या ढवळणीवर जेवतो. हा खेळ खोल पाण्यात जमत नाही.

खाणंही उथळपणातूनच तयार होतं. पाणी हळूहळू ओसरलं की उघड्या पडलेल्या चिखलात लव्हाळा आणि पाणगवतं उगवतात, त्यांच्या बिया पडतात, किडे वाढतात. पुन्हा पाणी चढलं की तो सगळा साठा बदकांच्या तोंडाशी येतो. पाणी एका झटक्यात उतरलं तर चिखल वाळून तडकतो आणि काहीच होत नाही.

उजनीत हे उघड दिसतं. धरण 'मायनस'मध्ये गेलं, म्हणजे वापरण्याजोगा साठा संपला, की सोलापूर जिल्ह्याच्या काळजात धस्स होतं, ती काळजी रास्तच आहे. पण भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे जमतात ते पाणी ओसरून दलदल उघडी पडते तेव्हाच.

मग नांदूर मध्यमेश्वरला एवढे पक्षी का?

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. हेतू कालव्यांना पाणी देण्याचा होता. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, पाणी पसरट आणि उथळ झालं. सिंचनवाल्यांच्या दृष्टीने साठवण घटली आणि त्याच गाळाने पक्ष्यांचं नंदनवन घडवलं. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं इथे सगळे अभिमानाने सांगतात.

1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र साधारण 100 चौरस किलोमीटर. त्यातल्या सुमारे 1,437 हेक्टरला 2019 च्या तारखेने रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ हा मान, मिळाला. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. त्यानंतर 2020 मध्ये लोणार आणि 2022 मध्ये ठाणे खाडी यादीत गेली.

इथलं पाणी कमी-जास्त कोण करतं? वन विभाग?

नाही, आणि सगळी गुंतागुंत इथेच आहे. पक्षी वन विभागाचे, पाणी जलसंपदा विभागाचं. वर गोदावरीवर गंगापूर, दारणा नदीवर दारणा, कादवेवर पालखेड अशी धरणं. त्यांतून सोडलेलं पाणी बंधाऱ्यात येतं, इथून कालव्यांना आवर्तन, म्हणजे पाळीपाळीने सोडलेलं सिंचनाचं पाणी, जातं. जायकवाडीसाठी पाणी सोडलं की तेही इथूनच पुढे जातं. बंधाऱ्याच्या दारांवर ठरतं की परवा चापडगावच्या बाजूला वीतभर पाणी असेल की छातीभर.

आवर्तन बंद करा, असं कुणी समंजस माणूस म्हणणार नाही. खालच्या भागातली उभी पिकं त्यावर अवलंबून आहेत. मागणी छोटी आणि होण्यासारखी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पातळी एकदम वर-खाली न करता टप्प्याटप्प्याने बदलावी. आवर्तनाचं वेळापत्रक ठरवताना वन विभागाचा माणूस त्या बैठकीत असावा. मार्चनंतर बेटांवर आणि उघड्या गाळावर नदी सुरय, आर्ली, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. त्या काळात पाणी अचानक चढलं तर अख्खी वीण वाहून जाते. चार दिवस आधी सूचना आणि हळू चढवलेलं पाणी एवढ्यानेही बरंच वाचतं. पाण्याचा एकही थेंब जास्त लागत नाही, लागतो तो समन्वय.

भरतपूरला पाण्याअभावी काय होतं ते देशाने पाहिलं आहे. पांचना धरणाचं पाणी अडलं आणि अवर्षणाच्या वर्षांत तिथल्या केवलादेव उद्यानाची तळी कोरडी पडली. रामसर दर्जा, राष्ट्रीय उद्यान, जागतिक वारसा हे तिन्ही मान होते, तरी नळाची तोटी दुसऱ्याच्या हातात होती.

गाळ काढावा की नाही?

काढावा, पण डोळे उघडे ठेवून. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ शेतात जातो, जमीन सुधारते, तळ्याची साठवण वाढते. हे सगळं चांगलंच आहे. बिघडतं ते जेसीबी काठापासून सरळ खाली उतरतो आणि तळ्याची विहीर करतो तिथे.

गाळ मधल्या खोल भागातून घ्यावा. काठाचा उतार इतका सौम्य ठेवावा की म्हैस सहज चढू-उतरू शकेल. एखादा उंचवटा बेट म्हणून सोडावा. सगळं तळं एकाच वर्षी खरवडू नये, कारण वरच्या थरात पाणवनस्पतींच्या बिया आणि कंद असतात. निम्मं यंदा, निम्मं नंतर केलं तर तळं स्वतःच सावरतं. आणि गाळ काढण्याचा काळ एप्रिल-मे. तेव्हाही आधी फिरून पाहावं, कुठे अंडी आहेत का.

जलपर्णी, बेशरम, पाणकणीस हे सगळं उपटून टाकायचं का?

तिघांना एका मापाने मोजू नका.

जलपर्णी घालवायचीच. ती पाण्यावर गालिचा अंथरते, खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे आणि तळातल्या वनस्पती मरतात, बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. मात्र दरवर्षी लाखो रुपये खर्चून ती काढायची आणि वरून सांडपाणी तसंच येऊ द्यायचं, याला काही अर्थ नाही. जलपर्णी सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. नाशिकसारख्या शहराचं आणि वाटेतल्या गावांचं मैलापाणी शुद्ध होऊन नदीत आलं तरच तिचा जोर ओसरेल. काढताना ती फुलण्याआधी काढावी, कारण तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. काठावर ढीग लावला तर पहिल्याच पुरात ती परत तळ्यात जाते, म्हणून दूर नेऊन खत करावं.

बेशरमही मुळासकट. ती काठाची उथळ पट्टी गिळते.

पाणकणसाचं वेगळं आहे. जांभळ्या पाणकोंबड्या, बगळ्यांच्या काही जाती, कितीतरी छोटे पक्षी त्यात लपतात आणि घरटी करतात. ते पूर्ण काढणं म्हणजे त्यांची वस्ती उठवणं. फार पसरलं तर पाण्याखालून कापावं आणि वर पाणी राहू द्यावं, म्हणजे कापलेला भाग कुजतो आणि पुन्हा फुटत नाही. मोकळं पाणी आणि पाणकणीस यांची सरमिसळ ठेवली की पक्ष्यांची विविधता वाढते.

अभयारण्य आहे तर गुरं आणि मासेमारी बंदच करायला हवी ना?

भरतपूरला 1982 मध्ये गुरांना पूर्ण बंदी केली. त्यातून संघर्ष झाला, गोळीबारात माणसं मेली. आणि पुढे झालं काय? म्हशी खात होत्या ते पाणगवत बेसुमार वाढलं, उथळ पाणी बुजलं, बदकांना मोकळी जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातूनच हे पुढे आलं की म्हशींची चराई त्या पाणथळीच्या घडणीचा भाग होती. ज्या सलीम अलींच्या संस्थेने संरक्षणाचा आग्रह धरला तिनेच हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडला, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

अर्थ असा नाही की कितीही गुरं कुठेही सोडावीत. हिवाळ्याच्या मोसमात पक्ष्यांच्या मुख्य जागा शांत राहाव्यात, उन्हाळ्यात गवत वाढलेल्या भागात चराई व्हावी, असं ठरवता येतं.

मासेमारीतही तसंच. नायलॉनची जाळी रात्रभर पाण्यात ठेवली की बुडी मारणारी बदकं आणि वारकरी नावाचे काळे पाणपक्षी त्यात अडकून मरतात. फाटून सोडून दिलेलं जाळं तर वर्षानुवर्षं मारत राहतं. जाळी टाकण्याची वेळ आणि जागा मच्छीमारांशी बोलून ठरवावी. त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळत नाही. भंडारा-गोंदियात ढिवर समाजाने काही मामा (माजी मालगुजारी) तलावांत बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या, त्यातून मासे आणि पक्षी दोन्ही परतले. चिलिकातल्या मंगलाजोडी गावात एकेकाळी शिकार करणारे आज पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात. आपल्याकडे भिगवणलाही मच्छीमारांच्या होड्यांनीच पक्षी पर्यटन उभं केलं.

आमचा हरभरा आणि गहू पट्टकादंब खातात. त्याचं काय?

नुकसान होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. हा हंस गवत चरणारा आहे आणि कोवळा हरभरा-गहू त्याला गवतापेक्षा गोड लागतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला थवा उतरतो. उगवणीनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे. तेवढ्या काळात वाऱ्यावर फडफडणाऱ्या चकचकीत पट्ट्या आणि पहाटेची राखण याने बऱ्यापैकी निभावतं. फटाके नकोत. त्याने सगळ्या तळ्यावरचे पक्षी उठतात आणि तेच पक्षी शेजाऱ्याच्या रानात उतरतात.

दुसरा उपाय सार्वजनिक आहे. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन काठापर्यंत नांगरली जाते, त्यामुळे हंसांना चरायला नैसर्गिक गवत उरत नाही आणि ते शेतात शिरतात. गाळपेरीचा पाण्यालगतचा पट्टा मोकळा ठेवला तर पिकावरचा भार कमी होतो. ज्यांचं उत्पन्न यात बुडतं त्यांना पर्यटनाच्या पैशातून वाटा मिळायला हवा; पक्ष्यांचं कौतुक तालुक्याने करायचं आणि खर्च चार शेतकऱ्यांनी सोसायचा, हे न्यायाचं नाही.

औषधांबद्दल एक कळकळीची विनंती. गाळपेरीच्या पिकावर मारलेलं सगळं पहिल्याच पाण्याबरोबर तळ्यात जातं. दाणेदार कीटकनाशकं पक्षी धान्य समजून टिपतात. फोरेटवर तर 2020 अखेर बंदीच आली आहे. कुणाच्या घरात जुनी पिशवी पडून असेल तर ती वापरू नका.

तलावाभोवती भिंत, फरसबंदी आणि जॉगिंग ट्रॅक केला तर लोक येतील, तलाव जपला जाईल. यात चूक काय?

लोक यावेत. पण पक्ष्यांचं सगळं जगणं ज्या काठावर आहे तोच काठ सिमेंटखाली जातो. चिखल गेला की किडे गेले, गवत गेलं, लपायला जागा गेली. वर दिव्यांचे खांब लागले की रात्रीची विश्रांतीही गेली. सुशोभीकरणाचा पैसा असेलच तर फिरण्याची वाट पाण्यापासून दूर, एका बाजूने न्यावी, दुसरी बाजू कच्ची आणि अंधारी ठेवावी, कारंजी टाळावीत, आणि वाचलेल्या पैशातून नाल्याचं पाणी गाळायची सोय करावी.

मुंबई-नवी मुंबईच्या फ्लेमिंगोंसाठीही हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच, फक्त पाणी वर-खाली करण्याचं काम तिथे समुद्र करतो. ठाणे खाडीत ओहोटीला चिखलपट्टे उघडे पडतात, रोहित तिथे चरतात. भरतीला ते पट्टे बुडतात. मग हजारो पक्ष्यांनी त्या काही तासांत उभं कुठे राहायचं? नेरुळच्या बाजूची टी. एस. चाणक्य, एनआरआय, डीपीएस ही तळी आणि पलीकडे भांडुप उदंचन केंद्राचा (पंपिंग स्टेशनचा) परिसर या त्यांच्या भरतीच्या वेळच्या जागा आहेत. ऑगस्ट 2015 मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, पण ही तळी त्याच्या बाहेर राहिली. खाडी वाचवून तळी बुजवली, किंवा भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या, तर अभयारण्याचा निम्मा उपयोग संपतो. 2022 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने उपग्रह यंत्रं बसवलेले रोहित गुजरातपर्यंत जाऊन आले. म्हणजे नेरुळचं तळं आणि गुजरातचा किनारा एकाच पक्ष्याच्या पायाखालची जमीन आहे.

उडताना त्यांना कशाचा धोका असतो?

विजेच्या उच्चदाब तारांचा फार मोठा. धुक्यात आणि झुंजुमुंजूला बारीक तार दिसत नाही आणि जड अंगाचे हंस, करकोचे, रोहित ऐनवेळी वळू शकत नाहीत. तळं आणि चरण्याची रानं यांच्यामधून लाइन नेऊ नये, न्यावीच लागली तर तारांवर पक्ष्यांना दिसणारे फिरते निर्देशक लावावेत. विमानांशीही टक्कर होते. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाला थवा धडकून एकोणचाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले.

रामसर दर्जा मिळाला म्हणजे तळं कायद्याने सुरक्षित झालं?

काही अंशी. रामसर करार 2 फेब्रुवारी 1971 चा, भारत त्यात 1982 मध्ये सामील झाला. यादीत गेलेल्या जागेला पाणथळ (संवर्धन आणि व्यवस्थापन) नियम, 2017 लागू होतात. त्यानुसार भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं यांना मनाई आहे आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरपर्यंत पक्कं बांधकाम करता येत नाही. जागा अभयारण्यात असेल तर मात्र हे नियम लागू होत नाहीत, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कवच असतं.

मोठं भगदाड दुसरीकडे आहे. याच नियमांतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेली तळी वगळली आहेत. महाराष्ट्रात पक्ष्यांनी गजबजलेल्या पाणथळींपैकी बहुतेक मानवनिर्मित, सिंचनाच्याच आहेत. म्हणजे जी तळी पक्षी सर्वांत जास्त वापरतात तीच नियमाबाहेर. माझ्या मते हे बदलायला हवं. सिंचनाला धक्का न लावता निदान भराव आणि कचरा यांना मनाई या तळ्यांनाही लावता येईल.

पक्षी मेलेले दिसले तर काय करावं?

हात लावू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका, फोटो आणि जागा टिपून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एखादा मेलेला पक्षी ही नेहमीची गोष्ट आहे, एकाच जागी बरेच मेले तर ती तातडीची.

कारणं बहुधा दोन प्रकारची असतात. बर्ड फ्लू: 2020 च्या डिसेंबरअखेर हिमाचलातल्या पोंग धरणावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब सर्वाधिक. दुसरं बोट्युलिझम: नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर 18,000 हून अधिक पक्षी याने दगावले. यात मेलेल्या पक्ष्याच्या अंगात विष तयार होतं, त्यावरच्या अळ्या दुसरे पक्षी खातात आणि तेही मरतात. म्हणून मृत पक्षी लवकर उचलून नष्ट करणं हाच मुख्य उपाय, आणि ते काम प्रशिक्षित माणसांनीच करायचं.

पाणपक्ष्यांमुळे कोंबड्यांना रोग येईल म्हणून त्यांना हुसकावणं उलटं पडतं. विखुरलेला थवा रोग आणखी लांब नेतो. कोंबड्या झाकून ठेवा, तळ्याचं पाणी त्यांना पाजू नका.

बदकांना पाव, चुरमुरे टाकले तर चालतात का?

नाही. पोषण नसतं, उरलेलं कुजतं, गर्दी होते आणि रोग पसरतो.

शिकार अजून होते का?

होते, लपूनछपून. फासे, जाळी, कधी विषारी दाणे. हा गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे. स्वतः अडवायला जाऊ नका. 1926 वर जागा आणि वेळ सांगा.

पक्षी मोजतात कसे? आम्हाला भाग घेता येईल का?

जरूर. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिचं संयोजन करते. पहाटे ठरलेल्या जागांवर एकाच वेळी माणसं उभी राहतात, म्हणजे उडून गेलेला थवा दोनदा मोजला जात नाही. मोठा थवा असला की आधी दहा पक्षी किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरायचं आणि मग दहा-दहाने पुढे सरकायचं. आकड्यासोबत पाण्याची पातळी, जलपर्णी, मासेमारी हेही लिहायचं, नाहीतर पुढच्या वर्षी पक्षी का घटले ते कळत नाही.

पायात कडं असलेला पक्षी दिसला तर क्रमांक वाचायचा प्रयत्न करा, फोटो काढा, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. ही संस्था 1927 पासून पक्ष्यांना कडी घालते आहे आणि मार्गांची बरीचशी माहिती अशाच सामान्य माणसांनी कळवलेल्या क्रमांकांतून जमली आहे.

पाहायला कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. चापडगावच्या बाजूने मनोरे आहेत. गडद मातकट कपडे, दुर्बीण, आवाज खाली. ड्रोन अजिबात नको: पक्ष्यांना तो भोवत्या किंवा गरुड वाटतो आणि सगळं तळं उठतं. फोटोसाठी थवा उडवणं म्हणजे त्यांची साठवलेली शिदोरी जाळणं.

आमच्या गावच्या छोट्या तळ्यासाठी काही करता येईल का?

येईल, आणि छोट्या तळ्यांची गरज मोठ्या धरणांइतकीच आहे, कारण मोठं धरण भरलेलं असतं तेव्हा उथळ पाणी छोट्या तळ्यांतच मिळतं.

आधी एक वर्ष नुसतं पाहा. काठाजवळ आखणी केलेला खांब रोवा आणि दर पंधरवड्याला पातळी व दिसलेले पक्षी वहीत लिहा. शाळेतली मुलं हे आनंदाने करतात. मग ग्रामसभेत तीन गोष्टींचा ठराव घ्या. तळ्यात कचरा, भराव आणि गावाचं गटाराचं पाणी जाणार नाही. निम्मा काठ कच्चा राहील, तिथे बांधकाम नाही. गाळ निघेल तो मधून, सौम्य उतार ठेवून. गणपती विसर्जनासाठी बाजूला वेगळा हौद करा. काठावर झाडं लावायची हौस असेल तर बाभूळ, करंज थोड्या अंतरावर लावा. पाण्याला खेटून दाट झाडी नको, बदकांना चारी बाजूंनी शत्रू दिसायला हवा.

ठरावाची प्रत वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात आणि पाटबंधारे उपविभागात, दोन्हीकडे द्या आणि पोच घ्या. तलाठ्याकडून तळ्याचा गट क्रमांक आणि सातबारा काढून ठेवा, कारण अतिक्रमणाचा वाद निघाला की सगळ्यात आधी तोच कागद विचारतात.